कोबा, नेम आणि माझा डावा पाय

हे वाचताना तुम्ही उभ्या असाल तर आधी बसा. तव्यावर भाकरी असेल तर ती उतरवा, मग बसा. आणि पाय खाली लोंबकळत ठेवू नका, समोर एखादं पोतं नाहीतर उशी घ्या आणि त्याच्यावर टाका. झालं? आता ऐका.

मला कुणी अक्का म्हणतं, कुणी सुमनची माय. सुमन माझी एकुलती लेक. शाळा मला घडली नाही. सुमन पाटीवर गिरवायची ते मी भाकरी थापता थापता बघून उचललं, बाकीचं कामावरच्या खोक्यांवरची अक्षरं वाचून. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ शोधत बसू नका, सापडायचं नाही.

माझ्या डाव्या पायाला घोट्याच्या वर, आतल्या अंगाला एक जखम आहे. कधी लिंबाच्या फोडीएवढी, कधी तळहाताएवढी. ती भरते आणि फुटते, भरते आणि फुटते. आजारातून बरं झालेल्या लोकांचं लिहिणं सुमननं मला वाचून दाखवलंय. त्यात शेवटी सगळं गोड होतं. माझ्यापाशी तसलं गोड नाही, आधीच सांगते. पण जिचा पाय आज संध्याकाळी नुसताच जड होतोय, त्या बाईला सांगायला माझ्यापाशी पुष्कळ आहे.

शेड

लातूर तेव्हा नुकता जिल्हा झाला होता. कचेऱ्यांना नव्या पाट्या लागल्या, भिंतींना ओल्या रंगाचा वास, आणि पाऊस म्हणावा तर थेंब नाही. आम्ही रेणापूरकडचे. तुरी फुलोऱ्यातच करपल्या तसे बिऱ्हाड घेऊन लातूरला आलो. दाळमिली अर्ध्या बंद. जोरात होतं ते एकच काम, हातपंपाचं. गावोगाव बोअर पाडत होते आणि त्याच्यावर पंप बसवत होते.

अण्णांची शेड त्याच पंपांची. अण्णा म्हणजे आमचे मालक, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, शेडातल्या भिंतीत कोनाडा करून त्यात महादेवाची पिंड ठेवलेली. गडीमाणसं सगळी बोअरच्या गाड्यांवर नाहीतर रोजगार हमीच्या खडीवर गेलेली, म्हणून त्यांनी बायांना ड्रिल मशीन शिकवली. पहिल्या सहा जणींत मी. मशीनवर बाई, हे बघायला लोक दारात उभे राहायचे.

हातपंपाच्या बुडाला चौकोनी लोखंडी पाटी असते, ती चार बोल्टांनी आवळतात. त्या बोल्टांची भोकं आम्ही पाडायची. पाटी आवळून बसवायची, उजव्या हातानं दांडा खाली ओढायचा, भोक पडलं की सोडायचा. अंगाचा सगळा भार डाव्या पायावर. सकाळी आठला लागायचं ते दिवस कलेपर्यंत. एका पंपाच्या सगळ्या भागांना आम्ही सेट म्हणायचो.

आणि खाली कोबा. घोटून गुळगुळीत केलेला सिमिटाचा कोबा. रानात मी जन्म काढला, पण रानात माणूस बसतं, उठतं, चार पावलं सरकतं. माती पायाला जरा जागा करून देते. कोबा काही देत नाही. उलट तास-दोन तासांनी असं वाटायचं की कोबाच खालून पायात चढून राहिलाय.

आमचे हे बोअरच्या गाडीवर पंप बसवायला होते. मी भोकं पाडलेली पाटी दोन दिवसांनी कुठल्यातरी गावात हे आवळायचे. मला त्याचा लई अभिमान. जेवताना विचारायचे, "माझी भोकं बरोबर बसली का?" ते म्हणायचे, "तुझी भोकं बसली, पाणी तेवढं बसलं न्हाई."

टेकायचं न्हाई

आता जे लिहिते ते लिहायला जीव धजत नाही. पण तेच लिहायचं आहे.

अण्णांनी पहिल्या दिवशी प्रत्येकीला एक लाकडी स्टूल दिलं होतं. हे मुद्दाम सांगते. बसू नका असं आम्हाला कुणीही म्हटलं नव्हतं.

एक दिवस माझ्या स्टुलाचा पाय मोडला. त्या दिवशी अख्खा सेट मी उभ्यानं केला. तो सेट रेणापूरच्या पलीकडं एका वस्तीवर बसला, आणि तिथं पाणी लागलं. हे घरी आले ते डोक्यापासून भिजलेले. गावातल्या बायांनी यांच्या अंगावर कळशी ओतली होती म्हणे, आनंदानं. मी त्यांचा ओला सदरा पिळला नाही, तसाच वाळत घातला.

दुसऱ्या दिवशी शेडात मी एवढंच बोलले, "त्या सेटाला मी टेकले न्हवते."

बस. एवढंच. त्याच दुपारी दोघींनी आपली स्टुलं भिंतीला लावली. आठवड्यात सगळ्यांनी. श्रावण लागलेला होता, सोमवार तर आपण धरतोच, तसा हा नेम झाला. ज्या गावाचा सेट, त्या गावाच्या पाण्यासाठी उभ्यानं. सेट पुरा होईपर्यंत टेकायचं न्हाई. चपला दाराबाहेर, देवळात काढतो तशा. नवीन बाई आली की तिला मशीन अण्णा शिकवायचे, नेम मी शिकवायचे.

रेहाना तेवढी हसली. माझ्या शेजारच्या मशीनवर होती ती, तोंडाची फटकळ आणि मनाची मऊ.

"हम तो नमाज में बी बैठते अक्का," ती म्हणाली. "तुमारा देव बहुत कडक है गे."

"तू बस खुशाल. तुझ्या सेटाला पाणी लागलं न्हाई म्हणजे बघ."

मी चेष्टेनं म्हटलं होतं. पण मग बोअर कोरडे जायला लागले, एकामागून एक. हे यायचे ते खडकाच्या पांढऱ्या भुग्यानं माखलेले, भुवया सुद्धा पांढऱ्या. शेडात बातमी पोचली की कुणीतरी विचारायचं, "कोण टेकलं होतं ह्या सेटाला?" एकदा तो सेट रेहानाचा निघाला. मी तिच्याकडं बघितलं. मग सगळ्यांनी बघितलं. ती सहा महिन्यांची पोटुशी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचंही स्टूल भिंतीला.

यांना मी हे सगळं मोठ्या तोऱ्यात सांगितलं. यांनी हात धुतले, पुसले, आणि म्हणाले, "पाणी खडकात असतंय, सुमनची माय. तुझ्या पायात न्हाई."

"तुम्हाला देवाधर्माचं काय कळतंय," मी म्हटलं.

हरभऱ्याएवढं

पाय आधी सांगतो, बायांनो. आपण ऐकत नाही. संध्याकाळी जोडवी रुतायला लागली, मी काढून ठेवली. पोटरीवर शिरा गांडुळासारख्या वर आल्या, मी लुगडं खाली ओढलं. घोट्याजवळची कातडी तांब्याच्या जुन्या भांड्यासारखी काळपट-तांबूस झाली, खाज सुटायची, मी म्हटलं उष्णता. मग लोखंडाचा कीस लागून तिथंच खरचटलं. हरभऱ्याएवढं. हळद लावली, कडुलिंबाचा पाला वाटून लावला. भरेना. दीड-दोन महिने मी ते चिंधीत बांधून कामावर गेले. वास यायला लागला तशी घरात चुलीपाशी उदबत्ती लावू लागले. सुमन म्हणाली, "माय, आजकाल देव लई आठवायलाय तुला."

आणि एक दिवस, दुपारची भाकर खाऊन मशीन नुकतीच सुरू केली होती, पायाला काहीतरी कोमट लागलं. मी समजले मशीनचं पाणी सांडलं. खाली बघितलं तर कोबा लाल. फुगलेली एक शीर फुटली होती आणि धार लागली होती, बारीक, पण सरळ धार. बाया ओरडल्या. कुणी पिंडीकडं धावली, कुणी पाण्याकडं. मी उभीच. तुम्हाला हसू येईल, पण सेटाचं एक भोक बाकी होतं आणि माझा हात दांड्यावरच होता.

रेहानानं मला मागून ओढून खाली पाडलं. तसल्या अवघडलेल्या अंगानं ती कोब्यावर फतकल मारून बसली, माझा पाय उचलून आपल्या खांद्यावर घेतला आणि धारेवर अंगठा दाबून धरला. "मरना है क्या, मरना है क्या," म्हणत रडत होती. रक्त थांबलं. तिच्या पोटाला माझी मांडी लागत होती, आत लेकरू हललेलं मला कळलं.

जिला मी बसू दिलं नव्हतं ती बसली, म्हणून मी जगले.

वायसर

लातूरच्या डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि चिठ्ठी दिली, नांदेडला दाखवा. जिल्हा नवा झाला, पण शिरांचं बघणारा डॉक्टर तेव्हा आम्हाला नांदेडलाच सांगितला. अहमदपूर, लोहा करत एसटीनं गेलो. यांनी पुढचं बाक मागून घेतलं आणि पूर्ण रस्ता माझा पाय आपल्या मांडीवर ठेवला. लोकांदेखत, नवऱ्याच्या मांडीवर पाय. मी शरमेनं डोळे मिटून घेतले होते.

डॉक्टर चष्मेवाला, तरुण. त्यानं बराच वेळ पाय बघितला, पोटरी दाबून बघितली. मग विचारलं, "काम काय करता मावशी?"

"हातपंपाची भोकं पाडते."

"मग तुम्हाला समजावणं सोपं आहे. सांगा, पंपात वर चढलेलं पाणी परत खाली का पडत नाही?"

"खाली वायसर असतोय. कातड्याचा. तो धरून ठेवतोय."

"आणि वायसर झिजला तर?"

"मग दांडा किती का हाणा. पाणी खालीच राहतंय."

"तुमच्या पायातल्या शिरांनाही असेच वायसर असतात. रक्त पायातून वर न्यायचं असतं. पोटरी हलली की ती पंप मारते. तुम्ही न हलता दिवसभर उभ्या. पंप बंद आणि सगळा भार वायसरवर. ते गेलेत."

मी म्हटलं, "मग बदला की."

तो हसला नाही. म्हणाला, "पंपाचे बदलता येतात मावशी. माणसाचे मिळत नाहीत."

मग त्यानं विचारलं, बाळंतपणात पाय सुजला होता का. सुजला होता, सुमनच्या वेळी, महिनाभर उठवत नव्हतं. त्यानं मान हलवली. वरची शीर खराब असती तर काढून टाकली असती, पण आतली मोठी शीरच तेव्हापासून अधू होती, आता उभं राहून राहून पुरती गेली. ऑपरेशनचा उपयोग नाही. पट्टी बांधायची, पाय वर ठेवायचा, जखम जपायची. किती दिवस? तर जन्मभर.

"कापणार का पाय?" मी विचारलं. मनात तेवढंच होतं.

"नाही. जखम चिघळू दिली नाही तर नाही."

हे दारात पिशवी धरून उभे होते. पाणी तुझ्या पायात न्हाई, हे तेव्हा पुन्हा म्हणाले असते तर मी काय केलं असतं? पण ते म्हणाले नाहीत. तेव्हाही नाही, आजपर्यंत नाही.

दोन विटा

वार्डात माझ्या खाटेच्या पायथ्याच्या दोन्ही पायांखाली दोन दोन विटा घातल्या, म्हणजे पाय वर, डोकं खाली. पहिले दोन दिवस घसरून पडेन असं वाटायचं. सकाळी सिस्टर यायची, मग झाडूवाली, मग दहाच्या सुमाराला ड्रेसिंगची गाडी. तिचं एक चाक किरकिरायचं. वार्डाच्या त्या टोकाला चाक वाजलं की माझ्या या टोकाला पाय आपोआप आखडायचा. जुनी पट्टी सुटताना जी कळ येते ती लिहून उपयोग नाही. ज्यांना येते त्यांना माहीत आहे. मी छताचे वासे मोजायचे. वासे सात होते, मी सत्तर वेळा मोजले असतील.

शेजारच्या खाटेवर नरसाबाई होती, धर्माबादची, मिरचीच्या आडतीवर काम करणारी. मिरचीच्या राशीवरून घसरून खुबा मोडलेला, पायाला वजन टांगलेलं. अर्धी मराठी अर्धी तेलुगू बोलायची. माझ्या खाटेकडं बघून म्हणाली, "अम्मा, तुझा पाय आभाळात, माझ्या पायाला दगड. दोघींची मिळून एक बाई चालंल का गं?"

"चालंल, पण नवरा कुणाचा घ्यायचा?" मी म्हटलं.

"तुझा घेऊ. पट्टी धुतोय तो."

खरंच धुवायचे हे. दुपारी वार्डामागच्या नळावर माझ्या पट्ट्या धुऊन वाळत घालायचे, गुरुद्वाराच्या लंगरात जेवून यायचे. आणि तो नळ! त्याला पाणी होतं. सोडला की यायचं, तासन्‌तास. पहिल्यांदा मला धरून तिथपर्यंत नेलं तर मी नळाखाली हात धरून रडले. आमच्याकडं लोक झऱ्यातून वाटीनं पाणी उपसत होते, मी पायाची शीर फोडून घेतली होती, आणि इथं पाणी असंच वाहून राहिलं होतं, कुणाच्याही उभं राहण्या-बसण्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

चौथ्या आठवड्यात नरसाबाईला ताप भरला. एका सकाळी तिच्या खाटेवर नवी चादर दिसली. दगड तेवढा खाटेखाली राहिला होता.

सिस्टरनं मला पट्टी बांधायला शिकवलं, तेही इथंच सांगून टाकते. सकाळी पाय जमिनीला लागायच्या आधी बांधायची, अंथरुणातच. बोटांपासून सुरू करून वर गुडघ्याकडं, वर जाताना जरा सैल. उभ्यानं काम असेल तर कोब्यावर थेट उभं राहू नका, लाकडाची फळी आणि तिच्यावर घडी केलेलं पोतं टाका. एक पाय विटेवर, जरा वेळानं दुसरा. टाचा उचला, टेकवा, उचला, टेकवा, कुणी वेडी म्हटलं तरी. आणि बसा. घटका-दोन घटकांनी बसाच. फळी-पोत्यानं कोबा मऊ होतो, पण वायसरला विसावा फक्त बसण्या-हलण्यानं मिळतो, असं डॉक्टर तीन तीनदा म्हणाला.

सुमन

परत आले तेव्हा सुमन माझ्या मशीनवर लागलेली होती. घरात कुणीतरी कमावणारं पाहिजेच होतं, त्याचं मला काही वाटलं नाही. मी फक्त विचारलं, "बसतीस ना गं मधून मधून?"

ती भाजी निवडत होती. म्हणाली, "न्हाई. बोलून बसलेय मी देवाला."

"काय बोललीस?"

"तुझी जखम भरेपर्यंत शेडात टेकणार न्हाई."

मी तिला वायसर सांगितला, पोटरी सांगितली, डॉक्टर जे बोलला ते सगळं जसंच्या तसं. तिनं ऐकून घेतलं. मी म्हटलं, "बाळा, देव काही माणसाचे पाय मागत न्हाई."

"मग तुझा का मागितला?"

देवानं मागितला नव्हता, मीच दिला होता, वर इतरांचेही द्यायला लावले होते. हे मी तिला म्हटलंही. तिला वाटलं माय आजारानं हळवी झालीय.

तेव्हापासून माझ्या पायापेक्षा मला तिच्या पायांची धास्ती. संध्याकाळी ती आली की मी तिचं पाऊल धरून बघायची. बोट दाबलं की खळगा राहायचा. हळूहळू भरायचा. माझ्याच सुरुवातीचा तो पाय, मला पाठ होता.

मी शेडात गेले, काठी टेकत. अण्णांना भेटले. ते म्हणाले, "अक्का, मी स्टुलं पुन्हा मांडली. खिळे ठोकून पक्की केली. ह्या बसतच न्हाईत. नेम तुम्ही घालून दिला, तुम्हीच मोडा."

मी बायांना गोळा करून सगळं सांगितलं. पट्टी सोडून जखम दाखवली. त्यांनी बघितली, पदर तोंडाला लावला, आणि मग एक एक करून खाली वाकून माझ्या पायाला हात लावून नमस्कार केला. "ह्या पायानं एका गावाला पाणी पाजलंय अक्का," एक म्हणाली. मी ज्याला रोग म्हणून दाखवत होते, त्याला त्या पुण्याई म्हणून बघत होत्या. मला ओरडावंसं वाटलं. ओरडले सुद्धा. त्या अजूनच खाली वाकल्या.

बोअर कोरडेच जात होते. त्याचा कुणी हिशेब लावला नाही. कोरडा गेला की नेम कुठंतरी कमी पडला, असंच.

घरात तोंडं वाकडी झाली. हे सकाळी उठून भाकरी करायचे, एकेक भाकरीला पाच पाच कोपरे. एकदा मी त्याच्यावरून बोलले, उगंच, पाय ठणकत होता म्हणून. ताट सरकवलं. तेव्हा एवढ्या सगळ्या दिवसांत एकदाच यांचा तोल गेला. म्हणाले, "स्वतःचा घालवलास. आता पोरीचे पण घालीव." मग स्वतःच ताट उचललं आणि पाच कोपऱ्यांची भाकरी माझ्यासमोर परत ठेवली. आम्ही दोघांनी ती खाल्ली. ते बोलले ते खरं होतं.

यांनी खोक्याच्या फळ्या जोडून सुमनसाठी पाट केला, वर पोतं ठोकलं. ती म्हणाली, पाटावर उभी राहिले तर नेमात खोट येईल. पाट मशीनशेजारी भिंतीला उभा, स्टुलांच्या रांगेत.

लोह्याचा चहा

मग पुन्हा नांदेड, पाय दाखवायला. सुमन कामावर, आम्ही दोघंच गेलो. डॉक्टरनं जखम मोजली. जरा लहान झाली होती, पण बुडाशी ओलीच.

"पुरती भरंल का हो कधी?" मी विचारलं. "एकदा तरी? एक दिवस जरी भरली तरी चालंल मला."

त्याला वाटलं मी चेष्टा करते. म्हणाला, "भरेलही मावशी. पण मग पुन्हा फुटेल. भरली, संपलं, असं मी तुम्हाला नाही सांगू शकत."

येताना लोह्याला एसटी थांबली. यांनी खिडकीतून मला चहा दिला. मी कप तसाच हातात धरून बसले आणि म्हटलं, "ऐका. आपण सांगू, भरली म्हणून."

यांनी माझ्याकडं बघितलं. हा माणूस आयुष्यात खोटं बोललेला नाही. बोअर कोरडा गेला तर गावाच्या तोंडावर कोरडा म्हणायचा, शिव्या खायचा.

"ती बघायला मागंल," हे म्हणाले.

"नवी पट्टी पक्की बांधीन. डॉक्टरनं उघडायची मनाई केलीय म्हणीन."

"आणि वास?"

"ती घरात असली की बदलणारच न्हाई. ती कामावर गेली की बदलीन, पट्ट्या तुम्ही बाहेर धुवा."

कंडक्टरनं घंटी मारली. हे म्हणाले, "सांगायचं तू. मी मान हलवीन."

लातूरला उतरलो ते घरी गेलोच नाही, सरळ शेडात. मी काठी यांच्या हातात दिली आणि दारातून आत एकटीनं चालत गेले, लंगडणं न दाखवता. किती पावलं होती ते मला आजही सांगता येईल. पहिल्यांदा चपला पायात ठेवून गेले. मशिनी चालूच होत्या, सुमननं मान वर केली.

"भरली," मी म्हटलं.

तिनं दांडा सोडला. "काय?"

"जखम. भरली. डॉक्टर म्हणाला, एवढी जुनी जखम भरलेली मी बघितली न्हाई."

ती यांच्याकडं बघायला लागली. यांनी मान हलवली. दोनदा.

"दाखव माय."

"उघडायची न्हाई. कातडी कवळी हाय, वारा लागू द्यायचा न्हाई म्हणाला. वर्षभर पट्टी राहणार."

माझ्या पट्टीत आत ओल सुटलेली मला कळत होती. चालल्यानं सुटली होती. मी पाय हलवला नाही. सुमन पिंडीच्या कोनाड्याकडं वळली, हात जोडले, बराच वेळ तशीच. बाया कामं थांबवून उभ्या. रेहानाचं लेकरू तेव्हा कडेवरचं झालं होतं. माझी शीर तिनं धरली होती, तिनं माझ्या पट्टीकडं एकदा बघितलं, आणि मला वाटतं तिला सगळं कळलं. तिनं भिंतीजवळचं एक स्टूल पायानं ढकलत ढकलत आणलं आणि सुमनच्या मागं लावलं.

"बैठ गे," ती म्हणाली. "खलास हुआ तेरा नेम."

सुमन बसली. अशी बसली की स्टूल कण्हलं. मग तिनं दोन्ही पाय समोर पसरले, डोळे मिटले, आणि एवढा मोठा श्वास सोडला की मला तिच्या लहानपणी ती माझ्या कुशीत झोपायची ते आठवलं. तिचं लुगडं पायावरून जरा वर सरकलं.

डाव्या घोट्याच्या वर, आतल्या अंगाला, एक डाग होता. तुरीच्या दाण्याएवढा. तांब्याच्या रंगाचा.

यांनी तो बघितला की नाही मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

"बस," मी म्हटलं.

"बसलेय की माय."

"अजून बस."